जुनाट यकृतरोग्याचें दप्तर कोण ठेवणार?

जलोदर हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. हातापायांच्या काड्या झाल्या आहेत, पोट मात्र नगाऱ्यासारखें फुगलें आहे, डोळ्यांत पिवळी झांक आहे, असा एखादा मनुष्य बहुतेक गांवांत कोठल्या तरी ओसरीवर बसलेला आढळतो. त्याच्याविषयीं गांवाचा अभिप्रायही ठरलेला असतो. कोणी म्हणतो, दारूनें खाल्ला. कोणी म्हणतो, करणीचा प्रकार दिसतो. आणि शेवटीं सर्वांचें एकमत होतें कीं, आतां ह्यांत कांहीं अर्थ राहिला नाहीं. ह्या तीन मतांपैकीं पहिलें पुष्कळदां चुकीचें, दुसरें सर्वदा चुकीचें आणि तिसरें सर्वांत घातुक असतें. कारण तिसऱ्या मताच्या आधारानें घरचे, गांवचे आणि कधीं कधीं दवाखान्याचे लोकही हातांवर हात धरून बसतात.

आमच्या परिचयाच्या एका शेतकरी गृहस्थांची हकीकत येथें सांगणें भाग आहे. नांवगांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वय पंचेचाळिशीच्या आंतबाहेर, जमीन साडेचार एकर, मनुष्य माळकरी. दारूचा थेंब आयुष्यांत घेतलेला नाहीं. दोन वर्षांत चार वेळां शहरांतील एका रुग्णालयांत त्यांच्या पोटांतील पाणी काढण्यांत आलें व चारही वेळां त्यांस घरीं पाठविण्यांत आलें. निरोपाच्या कागदावर "पुन्हा दाखवावें" इतकाच शेरा. केव्हां दाखवावें, कोणास दाखवावें, कशासाठीं दाखवावें, ह्याचा उल्लेख नाहीं. पांचव्या खेपेस रात्रीं रक्ताची उलटी झाली, आणि तिसऱ्या दिवशीं गृहस्थ गेले.

उत्तरकार्य आटोपल्यावर त्यांच्या पत्नीनें सोसायटीच्या कर्जाच्या कामासाठीं कागदांची पिशवी आमच्यापुढें आणून ठेविली. आमची उभी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. कागद हातीं आला कीं तो तारीखवार लावावयाचा, ही संवय सुटत नाहीं. म्हणून दवाखान्याचे कागदही आम्हीं तसेच लाविले. तळाशीं पहिल्याच खेपेचा रक्ततपासणीचा कागद निघाला. त्यावर "हिपॅटायटिस बी" ह्या विषाणूची बाधा असल्याचें स्वच्छ छापलेलें होतें. त्यानंतरच्या दोन वर्षांच्या कागदांत त्या बाधेवरील औषधाचें नांव नाहीं, अन्ननलिकेची दुर्बिणीनें तपासणी केल्याची नोंद नाहीं, घरच्या माणसांची तपासणी करावी अशी सूचना नाहीं. तो कागद कोणीं दडविला नव्हता; तो कोणीं वाचलाच नव्हता. पुढें घरच्यांची तपासणी झाली तेव्हां थोरल्या मुलासही तीच बाधा निघाली. तो आतां नियमानें तपासणीस जातो. पत्नीस व मुलीस लस टोंचण्यांत आली. हें सर्व दोन वर्षें आधीं होऊं शकलें असतें.

आमचें म्हणणें असें कीं, ह्या गृहस्थांस औषधाच्या अभावीं मरण आलें नाहीं; दप्तराच्या अभावीं आलें. म्हणून ह्या लेखांत आम्ही औषधापेक्षां दप्तराविषयींच अधिक लिहिणार आहों.

प्रथम रोगाचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. यकृत हा उजव्या बरगड्यांखालचा सुमारें दीड किलो वजनाचा अवयव. अन्नाचा सांठा करणें, रक्त गोठविणारे पदार्थ तयार करणें, विषारी द्रव्यांचा निकाल लावणें, अशीं अनेक कामें तो निमूटपणें करितो. त्याचा निमूटपणाच घात करितो. पाटाच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्यांस हें चटकन् समजेल. जमिनींत पाणी मुरून मुरून ती चोपण होऊं लागते, तेव्हां पहिलीं कांहीं वर्षें पीक हिरवेंगार दिसतें. पांढरा थर वर आला कीं मग धांवाधांव. यकृताचेंही तसेंच. विषाणु, दारू, किंवा मधुमेह व मेद यांमुळें सांठलेली चरबी, ह्यांपैकीं कोणत्याही कारणानें त्यास वर्षानुवर्षें इजा होत राहिली, म्हणजे मऊ मांसाच्या जागीं निबर वण तयार होतात. ह्या अवस्थेस डॉक्टर सिरॉसिस म्हणतात. मग रक्ताची वाट अडते, पोटांत पाणी सांठतें, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात, मेंदूवर गुंगी येते, आणि कित्येकांस यकृताचा कर्करोग होतो. परंतु चोपण जमिनीस वेळींच चर खणला तर ती पुष्कळ अंशीं सुधारते, त्याप्रमाणें इजेचें मूळ कारण वेळींच काढलें तर यकृतही पुष्कळ सावरतें. दारू सुटल्यावर किंवा विषाणु आटोक्यांत आल्यावर जलोदर उतरलेले रोगीही डॉक्टरांच्या पाहण्यांत आहेत.

हा रोग थोड्यांचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं हिंदुस्थानांत "बी" प्रकारची बाधा असलेले सुमारें २ कोटी ९८ लाख व "सी" प्रकारची असलेले सुमारें ५५ लाख लोक होते. ह्यांतील बहुतेकांस आपल्या बाधेची वार्ताही नाहीं. दारूचे व चरबीचे रोगी ह्यांहून निराळे.

उपाय नाहीं म्हणावें, तर तेंही खरें नाहीं. भारत सरकारनें २८ जुलै २०१८ रोजीं राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यांत "बी" व "सी" ह्या दोहोंची तपासणी व औषधें विनामूल्य मिळतात. "सी"ची बाधा बहुतेक रोग्यांत सुमारें १२ आठवडे गोळ्या घेतल्यानें समूळ जाते. "बी"ची समूळ जात नाहीं. परंतु ज्यांस औषधाची जरूर आहे त्यांनीं रोज एक गोळी नियमानें घेतल्यास ती दबून राहते. नवजात बालकास जन्मापासून २४ तासांच्या आंत "बी"ची लस द्यावयाची, व पुढें ६, १० आणि १४ आठवड्यांनीं पुन्हा, अशी सरकारी व्यवस्था आहे. यकृतांतील चरबीचा विकारही २०२१ सालीं असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत घेण्यांत आला. म्हणजे बी आहे, खत आहे, पाणी आहे. पाळीपत्रक मात्र नाहीं.

आतां दुसरीकडे पाहावें. आमच्या गोठ्यांतल्या गाईच्या कानांत बारा अंकी बिल्ला आहे. २०१९ सालापासूनच्या राष्ट्रीय मोहिमेंत तिला लाळ्याखुरकताची लस केव्हां टोंचली, हें त्या अंकावरून निघतें. आमच्या शेतांत कोणतें पीक उभें आहे, ह्याची नोंद प्रत्येक हंगामांत होते. २०२१ सालापासून तर ती शेतकरी स्वतः मोबाईलवर करितो. क्षयरोग्यांची नांवनिशीवार नोंद २०१२ सालापासून "निक्षय" ह्या सरकारी संगणकीय वहींत होते, आणि रोगी चुकला तर त्याच्या दारीं मनुष्य जातो. सिरॉसिसच्या रोग्याच्या दारीं कोण जातो? कावीळ कार्यक्रमांत औषध घेणारांची नोंद उपचारकेंद्रांत ठेविली जाते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जो त्या केंद्रापर्यंत पोंचलाच नाहीं, ज्याचा रोग दारूचा किंवा चरबीचा आहे, किंवा जो पोटाचें पाणी काढून घरीं गेला, त्याचें दप्तर कोणाकडेंही नाहीं. त्याचें दप्तर म्हणजे त्याच्या बायकोच्या हातांतली प्लॅस्टिकची पिशवी.

ह्या रोगांत शुश्रूषेचा दर्जा म्हणजे मोठी इमारत किंवा महाग यंत्र नव्हे. ठराविक कामें ठराविक तारखेस होणें म्हणजेच दर्जा. तीं कामें कोणतीं, हें रोग्याच्या घरच्यांस ठाऊक असावें म्हणून सांगतों.

रोगाचें कारण शोधणें हें पहिलें. दारू पितो असें कळलें म्हणून विषाणूची तपासणी टाळूं नये. एका शेतांत दोन प्रकारचें तण असूं शकतें. सिरॉसिस ठरतांच अन्ननलिकेच्या शिरा फुगल्या आहेत कीं नाहीं हें पाहणें हें दुसरें. त्या फुगल्या असतील तर प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्वेडिलॉल ह्यांसारख्या गोळ्यांनीं, किंवा दुर्बिणीतून शिरांस रबरी कडीं घालून, रक्ताची उलटी पुष्कळदां टाळतां येते. दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी हें तिसरें. कर्करोग लहान असतांना सांपडला तरच त्यावर इलाज चालतो. "सी"ची बाधा बरी झाली तरी, सिरॉसिस असल्यास ही तपासणी सोडतां येत नाहीं. पाणी उतरविण्याच्या गोळ्या चालू असतांना रक्तांतील क्षार व मूत्रपिंडाचें काम वरचेवर तपासणें हें चौथें. पांच लिटरांहून अधिक पाणी एका वेळीं काढल्यास शिरेवाटे अल्ब्युमिन देणें हें पांचवें. झोंप उलटी झाली, म्हणजे दिवसा पेंग व रात्रीं जाग, किंवा बोलणें घोटाळूं लागलें, तर ती मेंदूवरील गुंगीची पूर्वसूचना समजून लगेच दाखविणें, व शौचास रोज दोनतीन वेळां साफ होईल असें लॅक्ट्युलोजचें औषध डॉक्टरच्या सल्ल्यानें चालविणें हें सहावें. ह्यांत एकही काम अद्भुत नाहीं. मात्र एकही काम आपोआप होत नाहीं.

रुग्णालयांत दाखल झाल्याचा पहिला दिवस तर फारच मोलाचा. जलोदराच्या रोग्यास ताप असो वा नसो, दाखल होतांच पोटांतील थोडें पाणी काढून त्यांत पू धरणाऱ्या पेशी आहेत काय, हें पाहिलें पाहिजे. तपासणी स्वल्प खर्चाची. राहिली तर प्राणावर बेतते. अशा गोष्टी चांगल्या देशांतही राहतात. इंग्लंडांत २०१३ सालीं मद्यजन्य यकृतरोगानें रुग्णालयांत मरण पावलेल्या रोग्यांच्या कागदांची चौकशी झाली; निम्म्याहूनही कमी रोग्यांस चांगली शुश्रूषा मिळाली होती, असें तींत आढळलें. तेव्हां तेथील डॉक्टरांच्या मंडळांनीं पहिल्या २४ तासांत करावयाच्या कामांची एक लहानशी यादी तयार केली. काम झालें कीं खूण करावयाची, आणि न झालें तर कारण लिहावयाचें. मोठमोठ्या विद्वानांस अशा यादीची लाज वाटली नाहीं, तर आमच्या तालुक्याच्या रुग्णालयानें ती भिंतीस लावण्यांत कमीपणा कसला?

आपल्यासारख्या शेतकरी मुलखांनीं काय केलें, हेंही पाहण्याजोगें आहे. मिसर देशांत नाईलच्या कालव्यांत उभें राहून काम करणाऱ्या शेतकऱ्यांस पाण्यांतील कृमींचा रोग होत असे. त्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढें कित्येक वर्षें सरकारी मोहिमेंत सुया टोंचल्या गेल्या. सुया नीट उकळल्या गेल्या नाहींत आणि "सी"ची बाधा खेड्याखेड्यांत पसरली. म्हणजे उपचारच रोगाचा वाहक झाला. परंतु त्याच देशानें २०१८-१९ ह्या कालांत सुमारें ५ कोटी लोकांची तपासणी केली, बाधितांस फुकट औषध दिलें, आणि २०२३ सालीं ह्या रोगाच्या उच्चाटनाच्या मार्गावरील त्याच्या कामगिरीस जागतिक आरोग्य संघटनेनें मान्यता दिली. आपल्याकडे पंजाब सरकारनें २०१६ सालीं "सी"च्या रोग्यांस जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांतच फुकट औषध देण्यास आरंभ केला. चंदीगडच्या तज्ज्ञांनीं जिल्ह्याच्या डॉक्टरांस दूरदृश्य यंत्रणेवरून शिकविलें, आणि औषध पुरें केलेल्या दहांपैकीं सुमारें नऊ रोगी बरे झाले. रोग्यास तज्ज्ञाकडे नेण्याऐवजीं तज्ज्ञाची विद्या रोग्याजवळ आणली, एवढेंच त्याचें रहस्य.

ह्यावर येणारे आक्षेप आम्ही जाणतों. पहिला असा कीं, दारुड्यासाठीं सरकारनें व समाजानें एवढा खटाटोप कां करावा? ह्यास आमचें उत्तर असें: ज्यानें अवर्षणांत उसाची लागण केली त्याचें चुकलें असेल, म्हणून त्याच्या घरास आग लागली असतां विहिरीवर पहारा बसवावयाचा काय? दारू सोडविणें हाच त्या रोग्याचा प्रमुख औषधोपचार आहे आणि तोही दवाखान्यानेंच करावयाचा आहे. नुसता उपदेश करून सोडून देणें म्हणजे औषधाची चिठ्ठी देऊन औषध न देणें होय. आणि माळकऱ्यासही हा रोग होतो, हें वर दाखविलेंच आहे. दुसरा आक्षेप असा कीं, डॉक्टर थोडे आहेत, ते वह्या केव्हां लिहिणार? परंतु वही लिहिणें हें डॉक्टरचें काम नव्हेच. तें एका शिकलेल्या परिचारिकेचें काम आहे, आणि त्यानें डॉक्टरचा वेळ वांचतो. तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. गांवांत नांव फुटलें तर लोक त्या घरीं पाणी पिणार नाहींत. म्हणून नोंदवही दवाखान्यांत कुलुपाखालीं राहावी आणि रोग्याच्या हातीं त्याचें स्वतःचें कार्ड असावें. तसेंच लोकांस हेंही सांगावें कीं, "बी" व "सी"ची बाधा एका ताटांत जेवल्यानें, हातास हात लागल्यानें पसरत नाहीं. ती रक्तावाटे, न उकळलेल्या सुईनें, न्हाव्याकडील वापरलेल्या पात्यानें पसरूं शकते. "बी"ची तर शरीरसंबंधानें व आईकडून बाळासही होते.

तेव्हां आमच्या मागण्या येणेंप्रमाणें आहेत.

१. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयांत जुनाट यकृतरोग्यांची एक नोंदवही असावी, कारण विषाणूचें असो, दारूचें असो वा चरबीचें. आणि ती ठेवण्यास नांवानिशीं एक परिचारिका नेमावी.

२. रुग्णालयांतून निरोप देतांना "पुन्हा दाखवावें" हा शेरा बंद करावा. त्या जागीं तारीख, खोली व कामाचें नांव लिहावें.

३. नेमल्या तारखेस रोगी न आल्यास आठ दिवसांच्या आंत आशा सेविकेमार्फत त्यास निरोप जावा.

४. "बी"ची बाधा निघालेल्या प्रत्येकाच्या घरच्यांची तपासणी व जरूर तेथें लसीकरण झाल्याशिवाय त्याचें पान पुरें झालें असें समजूं नये.

५. ज्यांस यकृतारोपणाखेरीज उपाय नाहीं त्यांस शेवटच्या घटकेस नव्हे, तर चालतांबोलतां असतांना मोठ्या केंद्राकडे पाठवावें; आणि ज्यांस तोही मार्ग नाहीं त्यांच्या वेदना घरच्या घरीं शमविण्याची सोय करावी.

६. जशी महसुलाची जमाबंदी दरसाल होते, तशी ह्या वहीचीही व्हावी. रोगी किती, दुर्बिणीची तपासणी झालेले किती, सहामाही सोनोग्राफी झालेले किती, तारीख चुकलेले किती, हे आंकडे नांवें वगळून रुग्णालयाच्या फलकावर लावावे. फलकावर आंकडा लागला म्हणजे काम कसें हालतें, हें आम्हीं नोकरींत पुष्कळ वेळां पाहिलें आहे.

सरकारकडे बोट दाखवितांना आपल्याकडील चार बोटें विसरूं नयेत. सोसायटीच्या दुधाची गाडी रोज तालुक्यास जाते. तपासणीच्या दिवशीं तींत रोग्यास जागा मिळावी. कावीळ झाली कीं डाळ, दूध, अंडीं बंद करून नुसत्या उसाच्या रसावर ठेवण्याची चाल सोडावी. सिरॉसिसच्या रोग्याचें मांस झडत असतें. त्यास डाळ, उसळ, दूध भरपूर हवें, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं कांहीं तरी खाणें हवें. जलोदर असल्यास तोडावयाचें तें मीठ. दिवसाकाठीं सर्व मिळून चहाच्या चमच्याएवढें, सुमारें ५ ग्रॅम. लोणचें, पापड, सुकी मासळी ह्यांतील मीठ ह्याच हिशेबांत धरावें. अंगदुखीवर दुकानांतून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या व नांवाची चिठ्ठी नसलेलीं चूर्णें अशा रोग्यानें घेऊं नयेत. कावीळ उतरविण्यासाठीं डाग देणें, चुन्याच्या पाण्यांत हात धुवून "पिवळें निघालें" म्हणून दाखविणें, ह्यांत जो वेळ जातो तो यकृताच्या आयुष्यांतून जातो.

आणि एक गोष्ट तर सर्वस्वीं शेतकऱ्याच्या हातांत आहे. ओलसर भुईमुगावर व मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष सोडते. १९७४ सालीं गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गांवांत बुरसट मका खाल्ल्यानें कावीळ होऊन शंभरावर माणसें दगावलीं. हें विष थोडें थोडें पोटांत जात राहिलें, आणि "बी"ची बाधा असली, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनीं वाढतो. म्हणून शेंगा खडखडीत वाळवून, ओलीपासून वर रचून ठेवाव्या; आणि किडका, सुरकुतलेला, बुरसटलेला दाणा निवडून टाकावा. तो घरच्यासाठीं ठेवून चांगला बाजारांत नेण्याची रीत बरी नव्हे.

येत्या वार्षिक सभेंत वरील सहा मागण्यांचा ठराव मांडावा, आणि तोंवर प्रत्येक सभासदानें आपल्या घरांतील दवाखान्याचे कागद तारीखवार लावून पाहावे, अशी आमची विनंति आहे. एखाद्या पिशवीच्या तळाशीं न वाचलेला कागद निघेल. तो वेळेवर निघाला, तर एका घराची ओसरी रिकामी होणार नाहीं.